आईचं पान

ताईची रेघ अशी की तिला हात लावायची कुणाची छाती होत नाही. मी लावला, आणि पहिल्याच पानाला बोलणी खाल्ली.

सिहोरा गावातल्या एका पोरीची गोष्ट ताई कॉमिकमधून सांगत होती. कागदावर काळ्या शाईने चित्रं तिने काढायची आणि ती स्कॅन झाली की लॅपटॉपवर रंग मी भरायचे, असं ठरलं. ठरलं म्हणजे मीच घोषा लावला होता. व्हिडिओ बघून बघून शिकले होते, त्यामुळे अंगात उत्साह मावत नव्हता. प्रत्येक गालावर चमक, आभाळात नाही नाही ते रंग. म्हशीलाही मी असं चमकवलं, की आत्ताच शोरूममधून आणलीय वाटावं.

ताईने लॅपटॉप जवळ ओढून पान बघितलं. मग म्हणाली, "माह्या रेघा कुठी गेल्या?"

"आहेत ना खाली," मी म्हटलं.

"मंग दिसून काहून नाही राहिल्या? हे कॉमिक आहे का मिठाईचा डबा?"

मला असा राग आला की तिच्याशी बोलणंच टाकलं. जेवताना ताटसुद्धा आपटून ठेवायचे. राग ओसरल्यावर पान पुन्हा उघडलं. खरं सांगते, तिचंच बरोबर होतं. चित्रातल्या म्हातारीच्या कपाळावरच्या आठ्या तिने किती हलक्या हाताने काढल्या होत्या, आणि माझ्या चमकेखाली त्या पार बुजून गेल्या होत्या.

मग नव्याने शिकले. आधी नुसते सपाट रंग भरायचे. उजेड कुठून येतो ते ठरवायचं आणि सावली त्याच्या उलट बाजूलाच टाकायची. रेघ बोलत असेल तिथे आपण गप्प बसायचं. मला गप्प बसणं किती जड जातं, ते आमच्या घरी कुणालाही विचारा. तरी बसले. हळूहळू ताईची कुरकुर कमी झाली.

एक पान मात्र ती देईना. त्यात पोरीची आई शेतातल्या बांधीत, चिखलात वाकून एकेक रोप लावत धानाचा रोवणा करतेय आणि पोरगी बांधीच्या कडेला धुऱ्यावर बसून तिला बघतेय. ती आई म्हणजे आमची आई.

"हे काळं-पांढरंच राहू दे," ताई म्हणाली.

"काहून?"

"तुले आई आठवते का?"

नाही आठवत. आई गेली तेव्हा मी रांगत होते. घरात तिचा एकच फोटो, मतदान कार्डावरचा, तोही काळा-पांढरा. मला रडू फुटलं आणि संतापही आला. म्हटलं, "तुह्याजवळ आख्खी आई आहे. मले एक पान तर दे."

ताई उठून आत गेली. सकाळी बघते तर ते पान लॅपटॉपवर आलेलं.

पाण्यात रंग भरला, रोपांत भरला. लुगडं कसं होतं विचारलं, तर म्हणाली, "हिरवं, पार विटलेलं." तेही जमलं. अडलं ते चेहऱ्यावर. लॅपटॉपमधला तयार रंग लावला, तर ताई म्हणाली, "इतकी गोरी नव्हती." गडद केला, तर म्हणे, "आता मळकी दिसते." मी वैतागले.

"मंग होती तरी कशी?"

ताईने माझं मनगट धरलं आणि हात स्क्रीनला, आईच्या चेहऱ्याजवळ टेकवला. "अशी. तुहा रंग तिच्यावरच गेला ना."

हेच ते हात, जे झाकायला मी लग्नाकार्यात पूर्ण बाह्यांचे कुर्ते शोधत फिरते.

अंगणात सकाळच्या उजेडात मी हाताचा फोटो काढला. त्यातून रंग उचलला आणि आईच्या चेहऱ्यावर भरला. चमक नाही, काही नाही. ताई बाजूला बसून रडत होती. मी मात्र बघतच राहिले, कारण ताईला ती परत दिसत होती आणि मला पहिल्यांदाच.