रकान्याखालची ओळ

माणिकपूरला रिक्षा स्टँडमागे ऑनलाइन अर्ज भरून देणारा एक माणूस बसतो. झेरॉक्ससाठी मी नेहमी त्याच्याकडे जायचो. टाइप करताना तो प्रत्येक अक्षर पुटपुटायचा. गिऱ्हाइकाला ‘तुमचं चुकलं’ असं कधी म्हणायचा नाही. ‘याला समजलं नाही,’ म्हणायचा आणि पडद्याकडे हनुवटी उडवायचा.

एकदा मी तिथं असताना जवळच्या नंदाखाल गावची एक मुलगी आईबरोबर नर्सिंगच्या प्रवेशाचा अर्ज भरायला आली होती. शेवटचा दिवस होता आणि अर्ज जाईना. पानाच्या माथ्यावर लाल अक्षरांत एकच ओळ यायची, ‘माहिती चुकीची आहे.’ कोणती, ते नाही. त्यानं जन्मतारीख पुन्हा घातली, पत्ता आखूड केला, फोटो लहान केला. पाच वाजता मुदत संपली.

मुलगी रडायला लागली. आई तिच्यावरच ओरडली, “काय चुकवलंस गं?”

“मावशी, तिला बोलू नका. माझंच चुकलं.”

“जमत नव्हतं तर आधी सांगायचंस ना!” आई आता त्याच्यावर ओरडली.



ते पान मी बनवलं होतं. मुलीच्या इंग्रजी आडनावातलं ‘डी’नंतरचं वरचं चिन्ह, अ‍ॅपॉस्ट्रॉफी, त्या पानाला चालत नव्हतं. प्रत्येक रकान्याखाली चूक सांगणारी ओळ मी आधी दिली होती. पान गचाळ दिसतं म्हणून आमच्या ऑफिसातल्या साहेबांनी काढायला सांगितली आणि मी काढली.

मायलेकी गेल्यावर त्यानं मला विचारलं, “बनवणाऱ्याला कळत असेल ना हो, कुठं अडलं ते?”

“काय माहीत,” मी म्हणालो.

आता मी झेरॉक्सला दुसरीकडे जातो.