पंधरा अक्षरांची खिडकी

माउसच्या पोटातला रबरी गोळा बाहेर काढला की त्याला चिकटलेले केस, धूळ आणि दहा माणसांच्या हातांचा मळ दिसायचा. लातूरच्या कोचिंग क्लासमध्ये दर सोमवारी सकाळी मी तो नखाने खरवडायचे. शिसारी यायची. पण तिथल्या कॉम्प्युटरची मला खरी किळस आली ती वेगळ्या कारणाने.

त्याआधी मी काळ्या पडद्यावर काम शिकले होते. भूकंप झाला त्या वर्षी माझं टायपिंग नुकतंच झालं होतं. पडलेल्या गावांच्या याद्या करायला सरकारी कचेरीत रोजंदारीवर मुली घेत होते, त्यात मी लागले. आमच्यावर एक वयस्क मुसलमान गृहस्थ होते. आयुष्यभर कचेरीत उर्दू-मराठी नकला उतरवलेला माणूस, पन्नाशीनंतर कॉम्प्युटर शिकला होता. पडद्यावर काहीच नसायचं, फक्त एक लुकलुकणारा ठिपका. काय हवं ते आपण टाइप करायचं, मग मशीन उत्तर देणार.

पहिल्या दिवशी मी नुसतीच बसून राहिले.

"काय करायलीस बेटा?" त्यांनी विचारलं.

"काय दाबू ते कळंना."

"दाबायचं काही न्हाई. तुला काय पायजे ते आधी ठरव. सवाल साफ विचारलास की ते जवाब साफ देतंय."

तलाठ्याच्या कागदावरून आम्ही नावं भरायचो. घर पडलेल्यांची एक यादी, मेलेल्यांची दुसरी. एक गाव पुरं झालं की ते मला एक ओळ टाइप करायला लावायचे : ह्या गावातली एकसारखी नावं दाखव. एकदा एका गावात दोन बायका निघाल्या, नाव तेच, नवऱ्याचं नावही तेच. एक ढिगाऱ्याखाली गेलेली, दुसरी जिवंत, पत्र्याच्या शेडमध्ये राहणारी. मी जिवंत बाईला मेलेल्यांत घातलं होतं. ते रागावले नाहीत. दोन्ही ओळी कागदावर काढल्या, घर नंबर लावून घेतले आणि माझ्याकडून अख्खी यादी मोठ्याने वाचून घेतली. घसा बसला माझा. मेलेल्यांची नावं वाचताना मध्येच रडू आलं, तेव्हा म्हणाले, "पाणी पी, मंग वाच. पण पुरं नाव वाच."

ते काम संपलं. लातुरात तोवर गल्लीगल्लीत क्लासेस निघाले होते. चाकूर, निलंगा, मुखेड, कुठून कुठून पोरं डॉक्टर व्हायला यायची आणि एका खोलीत चौघं-पाचजण राहायची. अशाच एका क्लासमध्ये मला ऑपरेटर म्हणून नोकरी मिळाली. टेस्टच्या मार्कांवरून बॅचेस पडायच्या. पहिल्या बॅचला क्लासचे मालक, म्हणजे सर, स्वतः शिकवायचे. शेवटच्या बॅचला कोण शिकवतंय ह्याची कुणी चौकशी करत नसे.

दोन वर्षं मी हे काम काळ्या पडद्यावर केलं. टेस्टचे मार्क भरायचे, दोन ओळी लिहायच्या, बॅचेस तयार. मग पुण्याहून एक टायवाला माणूस आला आणि त्याने सरांना नवं सॉफ्टवेअर दाखवलं. सुरू होताना पृथ्वीचा गोळा फिरायचा. पोपटी खिडक्या, फुगीर बटणं, प्रत्येक 'ओके'ला टिंग असा आवाज. मुलाचं नाव निवडलं की त्याच्या मार्कांचे रंगीत खांब उभे राहायचे.

सर खूश झाले. मी म्हटलं, "सर, ह्यात एकेका मुलासाठी सहा वेळा क्लिक करावं लागतंय."

"मॅडम, पालकांना तुमच्या काळ्या पाटीत काय दिसतं? हे बघा, किती भारी वाटतंय."

वाटत होतं, हे खरंच. गावाकडून आलेले आईबाप चपला बाहेर काढून कॉम्प्युटरच्या खोलीत यायचे आणि त्या खांबांकडे देवाच्या मूर्तीकडे बघावं तसे बघायचे.

त्या सॉफ्टवेअरमध्ये नावांची यादी एका चिंचोळ्या खिडकीत उघडायची. तिच्यात पंधरा अक्षरं मावायची. आडनाव, मुलाचं नाव, आणि वडिलांच्या नावाआधीच खिडकी संपायची. रोल नंबर बघायला दुसरी खिडकी उघडावी लागे, ती उघडली की पहिली झाकली जाई. टिंग, टिंग, टिंग. दुपारपर्यंत मी काय करतेय हे मलाच कळेनासं व्हायचं. हात चालायचा, डोकं बंद.

मग एक दिवस मुखेडहून एक शिंपी आले. मुलीच्या दोन टेस्टच्या उत्तरपत्रिका पिशवीत घालून आणल्या होत्या.

"सर, ह्यात तर मार्क चांगले हाईत. मंग पोरगी शेवटच्या बॅचला काऊन टाकली?"

सरांनी कागद हातातही घेतले नाहीत. मला नाव निवडायला लावलं. ठेंगणे लाल खांब उभे राहिले. "बघा काका. कॉम्प्युटर खोटं बोलतो का?"

शिंप्याने पडद्याकडे पाहिलं, मग हातातल्या कागदांकडे. आणि कागद पिशवीत परत ठेवले. स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेले आकडे त्या माणसाने रंगांपुढे मागे घेतले. मला त्या खांबांची किळस आली.

ते गेल्यावर मी सॉफ्टवेअर बंद केलं. त्याच्या पोटातली फाइल जुन्या पद्धतीची होती, काळ्या पडद्यावर उघडत होती. मी एक ओळ लिहिली : ह्या आडनावाच्या, ह्या नावाच्या सगळ्या दाखव. दोन ओळी आल्या, वडिलांच्या नावासकट. एक मुखेडची, एक निलंग्याची. सरांच्या मार्कांच्या मूळ कागदाशी ताडून पाहिलं, तर दोन्ही टेस्टचे मार्क उलटसुलट भरलेले. निलंग्याची मुलगी पहिल्या बॅचमध्ये बसत होती, मुखेडची शेवटच्या. भरणारा हात माझा होता.

सरांना दाखवलं. त्यांनी पुण्याला फोन लावला, ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते म्हणतात ऑपरेटर मिस्टेक आहे. जाऊ द्या, पुढच्या टेस्टला दुरुस्त करू. आता पालकांना सांगून बोंब कशाला करायची?"

"सर, दोन महिने झाले."

"मॅडम, क्लासचं नाव खराब होईल."

मी दोन्ही ओळी छापून घेतल्या आणि बसस्टँड गाठलं. शिंपी उदगीरवरून मुखेडला जाणाऱ्या गाडीची वाट बघत बाकावर बसले होते. कागद हातात दिला, सगळं समजावून सांगितलं.

"हे कुणी केलं?"

"मी."

त्यांनी कागदावरचे आकडे बोट ठेवून एकेक करून वाचले. मग म्हणाले, "तुम्ही सांगितलं, बरं केलं. पण परवा पोरगीला मी लई बोललो. अभ्यास करीना म्हणून. ते कसं परत घ्यायचं?"

ते क्लासवर परतले आणि कागद सरांच्या टेबलावर ठेवला. सरांचा चेहरा गोड झाला, मुखेडची मुलगी त्याच दिवशी पहिल्या बॅचमध्ये गेली. आणि निलंग्याच्या मुलीला भर वर्गातून उठवलं. कारण कुणी सांगितलं नाही. दप्तर छातीशी धरून ती माझ्या खोलीच्या दारात आली.

"मॅडम, माझं काय चुकलं?"

"तुझं काही नाही, माझं चुकलं," मी म्हणाले. सगळं सांगितलंही. पण तिला ते पटलं नाही. रंगीत खांब तिचे होते, उंच होते, तिने घरी कळवलं होतं. आठवड्याभरात ती क्लास सोडून गावी गेली.

मी महिना भरला आणि नोकरी सोडली. लग्नानंतर नांदेडला आले, इथे एका कॉलेजच्या ऑफिसात लागले. अजूनही मोठी यादी आली की काळा पडदा उघडते आणि ओळी लिहिते. सोबतच्या बायका म्हणतात, "काय त्या जुन्यापान्यात करायलाव, माउस हाय की!" मी हसते. जुन्याचं मला कौतुक नाही. काळ्या पडद्यावरही मी चुकलेच आहे, जिवंत बाईला मेलेल्यांत घातलेलं आहे. पण तिथे मला विचार करून लिहावं लागतं, आणि लिहिलेलं समोर राहतं, वाचता येतं. क्लिक केलेलं कुठे जातं? त्या पोपटी खिडकीत मी दोन मुलींची वर्षं फिरवली आणि मला फक्त टिंग ऐकू आलं.

मुखेडची मुलगी नर्स झाली, असं तिच्या वडिलांकडून एकदा कळलं. निलंग्याच्या मुलीचा पत्ता क्लासच्या फाइलमध्ये होता. निघताना तो मी उतरवून घेऊ शकले असते. घेतला नाही.