चालणारे नळ

बाबांचं जव्हारमध्ये भांड्यांचं दुकान आहे. जुनी पितळेची-तांब्याची भांडी मोडीत घेऊन ते नवी देतात. मोडीत आलेलं भांडं ते गिऱ्हाइकासमोर कधी ठोकत नाहीत. बाईनं वर्षानुवर्षं घासलेली कळशी तिच्यादेखत चेपायची नाही, हा त्यांचा नियम. त्यामुळे दुकानामागच्या खोलीतला मोडीचा ढीग बराचसा धडधाकट असतो. मालकिणीनं हातातून सोडली की ती वस्तू मोड झाली, हे मी लहानपणापासून तसंच धरून चालले.

मी बाहेर फारशी बोलत नाही. घरी बसून करण्यासारखं काम मिळालं तेव्हा मला हायसं वाटलं. एका कस्टम्स एजंटसाठी मी आयात मालाचे कागद तयार करते. बिल वाचायचं, मालाचे फोटो बघायचे आणि सीमाशुल्काच्या पुस्तकात तो कुठल्या क्रमांकाखाली बसतो ते ठरवायचं.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी मोखाड्याकडच्या पाड्यावरून जीपने येतात. त्यांचा नवरा वाड्याजवळ पितळ ओतण्याच्या कारखान्यात भट्टीवर होता. ते काम लागल्यापासून दिवाळीनंतर सगळ्यांनी वीटभट्टीवर जाणं थांबलं होतं. त्यांची मुलगी सहावीत होती आणि पहिल्यांदाच एका शाळेत सलग दोन वर्षं टिकली होती.

त्या कारखान्याचे कागद माझ्याकडेच येत. मावशींना याचं भारी कौतुक. माझ्या लॅपटॉपला त्या पेटी म्हणत.

"दिवसभर त्या पेटीत बघत बसते," त्या आईला म्हणत, "पण आमची भट्टी तिच्याच पेटीतून पेटते, काय गं बाय?"

मी नुसती हसायचे.

यंदा दिवाळीआधी त्या कारखान्यासाठी आखातातून एक कंटेनर निघाला. बिलावर पितळेचं भंगार असं लिहिलं होतं. फोटोंत जुन्या नळांचा ढीग होता. पुस्तकातली टीप मला पाठ होती: तुटल्यामुळे, कापल्यामुळे किंवा झिजल्यामुळे जी वस्तू होती तशी वापरता येत नाही, ते भंगार. तरीही ते नळ बघताना मला दुकानामागची खोलीच दिसली. कुणीतरी काढून टाकलेत, म्हणजे मोड. एका फोटोतला नळ मात्र अगदी चकचकीत होता. एजंट सरांना विचारावं म्हणून मी मेसेज लिहिला. मग प्रश्न बाळबोध वाटेल म्हणून पुसून टाकला आणि भंगाराचा क्रमांक घातला.

बंदरावर अधिकाऱ्यांनी गोण्या उघडून नळ फिरवून पाहिले. बरेच फिरले. म्हणजे हे भंगार नाही, वापरलेले नळ; पुस्तकात त्यांचा अध्याय वेगळा, आयातीची परवानगी वेगळी. कंटेनर अडला.

"मॅडम, फोटो तुम्ही पाहिले होते ना?" सरांनी फोनवर विचारलं.

"हो, सर."

"मग?"

मी ते फोटो पुन्हा उघडले.

नळ बंदरातच तोडून निकामी करू द्या, मग भंगार म्हणून सोडा, असा अर्ज केला. त्यावर शंका आल्या, आम्ही उत्तरं दिली, मधे सुट्ट्या आल्या. कारखान्याचे शेठ थेट मलाच फोन करू लागले. "ताई, तुम्हाला इंग्रजी येतं, साहेबांशी एकदा बोला ना." मी धीर करून बंदरावरच्या साहेबांशी दोनदा बोलले. दोन्ही वेळा त्यांनी अर्जाचा क्रमांक विचारला आणि 'प्रोसेसमध्ये आहे' म्हणाले. मी थँक्यू म्हणून फोन ठेवला. कारखान्यातलं होतं नव्हतं ते पितळ संपलं आणि भट्टी विझली.

"माल कुठं अडलाय गं?" मावशींनी विचारलं.

"बंदरावर. नळ चालतात म्हणून."

त्या भांडी घासता घासता खो खो हसल्या. "चालतात म्हणून अडवलं? मोडकं असतं तर सोडलं असतं? धन्य हाय बाबा!"

भंगाराचा क्रमांक मीच घातला होता, हे तेव्हा सांगता आलं असतं. मी विसळलेल्या वाट्या पुसत राहिले.

पुढच्या आठवड्यात वीटभट्टीचा मुकादम पाड्यावर येऊन उचल देऊन गेला. तोवर अर्ज तिथंच होता. निघायच्या आदल्या दिवशी मावशी मुलीला घेऊन आल्या. तिला मागे सांभाळायला घरी कुणी नव्हतं, तीही वीटभट्टीवर निघाली होती.

"बाय, शाळेला एक चिठ्ठी लिहून दे. पोरीचं नाव काढू नका म्हणावं."

माझं मराठी अक्षर शाळेपासूनच वाईट. मी सावकाश लिहिलं. कधी परत येणार, या जागी पेन थांबलं.

"मावशी, महिना कुठला घालू?"

"घाल कुठलाबी. पाऊस लागायच्या आधी."

मी 'पावसाआधी' एवढंच घातलं. मग कारण लिहायला घेतलं: वडिलांचं कारखान्यातलं काम बंद झाल्यामुळे. मुलगी माझ्या खांद्यावरून वाचत होती. तिनं आईला वाचून दाखवलं.

"हां, बास," मावशी म्हणाल्या. "का बंद झालं ते नको लिहू. मास्तरला काय करायचंय?"

मी खाली तारीख घातली आणि कागद त्यांच्या हातात दिला.