न जोडलेला रिमोट

मंगळवार, ११ जून. सकाळी दूध नासलं. डोळ्यांच्या डॉक्टरांचा फोन आला, १ जुलै ही तारीख पक्की. धाकट्याने माळ्यावरून जुन्या व्हिडिओ गेमचा खोका काढला. आत एकोणीस कॅसेटी, दोन रिमोट, एक खेळातली बंदूक. गेम अजून चालतो. नातू आजही त्याला दोनदा काका म्हणाला. पाठीला मलम चोळलं (त्याच्या, माझ्या नव्हे).

शाळेत आम्हाला एक सिस्टर होत्या. सातवीत त्यांनी प्रत्येकीच्या हातात एक वही दिली आणि बजावलं, काय वाटलं ते प्रार्थनेत सांगा, काय झालं ते वहीत लिहा. बाकीच्या मुलींच्या वह्या पावसाळा संपेपर्यंत हरवल्या. मला आता त्र्याहत्तरावं चालू आहे आणि माझ्या कपाटाचे खालचे दोन कप्पे वह्यांनीच भरलेले आहेत. त्यामुळे धाकट्या मुलाबद्दल जे सांगते आहे, त्यातल्या तारखा तरी पक्क्या आहेत.

धाकटा लिफ्टचा मेकॅनिक. चार वर्षं परदेशात उंच उंच इमारतींमध्ये लिफ्ट बसवत होता. गेला तेव्हा नातू पाच महिन्यांचा होता. मधे दोनदा रजेवर आला. एकदा पोरगं आजारी, एकदा हा स्वतः. गेल्या एप्रिलमध्ये त्याच्या कमरेतला मणका सरकला आणि कंपनीने त्याला सामानासकट घरी पाठवून दिलं. आता इथल्या एका लहान कंपनीत अकरा इमारतींच्या लिफ्ट त्याच्याकडे आहेत. तो म्हणतो, लिफ्टवाल्याच्या नशिबात लिफ्ट नसते. ती बंद पडते म्हणून तर त्याला बोलावतात. मग हत्यारांची पिशवी खांद्याला लावून सात मजले चढायचे, ती चालू करायची, आणि उतरताना मात्र आरशात स्वतःचं तोंड बघत आरामात खाली यायचं.

संध्याकाळी सहाला घरी येतो. दाराशी स्टूल आहे, त्यावर बसून बूट काढतो. एक काढतो. दुसरा पायातच असतो, नाडी हातात असते, आणि हा समोरच्या भिंतीकडे बघत बसलेला असतो. मी घड्याळ लावून बघितलं आहे, कधीकधी बारा मिनिटं जातात.

नात आठ वर्षांची, तिला बाप आठवत होता. ती पहिल्याच दिवशी त्याच्या गळ्यात पडली. पण नातवाचं, म्हणजे आमच्या बोक्याचं, गणित वेगळं होतं. त्याचे बाबा फोनमध्ये राहतात. रविवारी येतात, तळहाताएवढे असतात, आणि 'दात घासलेस का' एवढं विचारून जातात. घरात येऊन पलंगावर पालथा पडणारा हा मोठा माणूस त्याच्या मते कोणीतरी काका होता.

"अरे, हेच तुझे बाबा," सूनबाई म्हणाली.

"नाही. माझे बाबा फोनमध्ये आहेत," बोका म्हणाला. वर तिला समजावून सांगितलं, "हे काका पण चांगले आहेत."

एरवी मी हसून सोडून दिलं असतं. काळानेच सुटणारी गोष्ट आहे ती. पण काळ कुठे होता? १ जुलैला माझ्या डोळ्याचं ऑपरेशन, आणि त्यानंतर तीन आठवडे मी थोरल्याकडे, कारण इस्पितळ त्याच्या घरामागे आहे आणि मला वाकायला मनाई. सूनबाई दुसऱ्या एका इस्पितळाच्या लॅबमध्ये आहे, महिनाभर तिची दुसरी पाळी, दोन ते दहा. दुपारी शेजारच्या मावशी मुलांना बघतील. पण सहापासून दहापर्यंत घरात कोण, तर हे काका. आणि बोका माझ्याशिवाय घास गिळत नाही, माझा अंगठा मुठीत धरल्याशिवाय झोपत नाही. मी साधी भाजी आणायला निघाले तरी दाराशी लोळण घेतो.

धाकट्याला हे माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"आई, मला धावता येत नाही, वाकता येत नाही, त्याला उचलताही येत नाही," तो म्हणाला. "बसता तेवढं येतं. बसून काय खेळतात?"

"पत्ते."

"साडेचार वर्षांच्या पोराशी?"

"तुझे बाबा तुझ्याशी खेळायचे."

"पत्ते नाही, व्हिडिओ गेम..." असं काहीतरी पुटपुटत त्याने माळ्याकडे बघितलं, आणि अशा रीतीने तो खोका खाली आला. मणका सरकलेल्या माणसाने शिडीवर चढू नये, हे मी त्याला तो खाली उतरल्यावर सांगितलं.

नव्या टीव्हीच्या मागे लाल, पांढरी, पिवळी पिन बसायला जागा शोधण्यात पहिली संध्याकाळ गेली. कॅसेट घातली की पडदा करडा. धाकट्याने ती काढली, तोंडाशी धरून फुंकली, परत घातली. चित्र आलं. बोका प्रथमच दोन पावलं पुढे सरकला. "मी फुंकू?" त्याने विचारलं. त्याने थुंकीसकट फुंकलं. तरी चाललं.

मग निवड सुरू झाली, आणि तिथे धाकट्याने तीच चूक केली जी लिफ्ट बसवणारा माणूस करणार नाही असं वाटलं होतं. आत कोण बसणार आहे हे न बघताच त्याने बटण दाबलं. स्वतःला जे आवडायचं, तेच त्याने निवडलं.

बुधवारी रणगाड्यांचा खेळ. दोघांनी मिळून आपला किल्ला राखायचा. बोक्याने तिसऱ्या मिनिटाला आपल्याच किल्ल्यावर गोळा टाकला. "अरे अरे, तिकडे नको!" धाकटा ओरडला. ओरडला म्हणजे काय, लिफ्टच्या खड्ड्यातून वरच्या माणसाला हाक मारायची सवय, आवाज तसा लागतो. बोका माझ्या मागे येऊन उभा राहिला तो जेवणापर्यंत.

गुरुवारी बंदूक आणि बदकं. नातीने नेम धरला, चाप ओढला, बदक आपलं उडतंच आहे. तिने बंदूक पडद्याला टेकवून झाडली, तरी उडतंच आहे. बोका म्हणाला, "बदक मरत नाही. चांगलं बदक आहे." धाकट्याने बंदूक उघडली, पेचकस घेऊन पाऊण तास तिच्यात डोकं घातलं. शेवटी त्याच्या लक्षात आलं की बंदूक शाबूत आहे, ती जुन्या डबा टीव्हीशिवाय चालतच नाही. तोवर मुलं दात घासून मोकळी झाली होती.

शुक्रवारी वरून पडणाऱ्या विटा रचायचा खेळ. तो एकट्या नातीला जमला. बोक्याने "विटा कोण टाकतंय?" असं विचारलं.

शनिवारी धाकट्याने मोटारींच्या शर्यतीची कॅसेट लावली. ती एकानेच खेळायची आहे. त्याने दुसरा रिमोट बोक्याच्या हातात दिला, त्याची वायर मात्र सोफ्याखाली सोडून दिली. शर्यत तोच खेळला आणि पहिला आला.

"मी जिंकलो!" बोका उड्या मारायला लागला. "काका, मी जिंकलो!"

"हो रे, जिंकलास," धाकटा म्हणाला, आणि माझ्याकडे बघून डोळा मारला. एप्रिलपासून मी त्याच्या चेहऱ्यावर ते बघितलं नव्हतं. रविवारी बोका त्याच्या शेजारी बसला. सोमवारी त्याला टेकून बसला. मी स्वयंपाकघरात भांडी पुसत होते. मला ते बघून बरं वाटायला हवं होतं.

पण हे मी पूर्वी कुठेतरी लिहिलेलं होतं. कधी, ते आठवेना. दोन्ही डोळ्यांत धुकं, त्यात निळी शाई फिकी झालेली. सोमवारी रात्री भिंग घेऊन बसले. तेहतीस वर्षांपूर्वीची वही. मुलांनी खेळावरून घर डोक्यावर घेऊ नये म्हणून मी तेव्हा रोजची नोंद ठेवत असे: कोणती कॅसेट, किती मिनिटं, कोण रडलं. पान सापडलं. मी ते वाचलं, वहीत खूण म्हणून वाण्याची पावती घातली, आणि ठरवलं, उद्या हा घरी आला की दाखवायचं.

एक दिवस उशीर झाला.

मंगळवारी धाकटा त्या दिवशीच्या नऊ मजल्यांनंतर जड डोळ्यांनी बसला होता. शर्यत चालू होती. नात खाली पालथी पडून चित्र काढत होती. ती सहज म्हणाली, "बोक्या, तुझी वायर लावलेलीच नाहीये."

बोक्याने खेळ थांबवला नाही, कारण त्याला थांबवता येतच नव्हता. त्याने रिमोटची वायर हातात धरली आणि हळूहळू ओढत नेली, सोफ्याच्या कडेवरून, खालून, शेवटपर्यंत. शेवटी नुसती पिन लोंबत होती. त्याने ती पिन बराच वेळ बघितली. रडला नाही. रिमोट घेऊन स्वयंपाकघरात आला.

"आजी, काकांनी मला खोटा दिला."

धाकटा दारात येऊन उभा राहिला. "अरे, गंमत केली रे..." म्हणाला. बोक्याने माझ्या गुडघ्यांना मिठी मारली आणि मान वळवली. "आजीशी बोलतोय मी," तो म्हणाला.

त्या रात्री बोका जेवला माझ्याच हातून. धाकटा बूट न घालताही त्या दाराजवळच्या स्टुलावर जाऊन बसला होता.

"सगळा आठवडा पाण्यात गेला," तो म्हणाला. "आई, ऑपरेशन पुढे ढकल."

"डॉक्टर काय माझे जावई आहेत?"

"मग मी रजा टाकतो."

"रजा टाकून काय करशील? त्याच्यापुढे दिवसभर बसून राहशील?" मी वही त्याच्या मांडीवर ठेवली. "वाच. माझं अक्षर लागतं अजून."

बोका माझ्याजवळच होता, पण मोठ्या माणसांची बोलणी त्याला कळत नाहीत असं आम्ही दोघांनी धरलं होतं. धाकट्याने मोठ्याने वाचलं.

"'१४ मे. मोटारी. वीस मिनिटं. धाकट्याला न जोडलेला रिमोट दिला आहे. ह्यांचं म्हणणं, कळणार नाही. १७ मे. कळलं. धाकटा बापाशी बोलत नाही. रिमोट सापडत नाही. २० मे. रिमोट पिठाच्या डब्यात सापडला. पीठ चाळलं.'" तो थांबला. "पिठाच्या डब्यात? मी?"

"तीन दिवस. तुझ्या बाबांनी घर पालथं घातलं. आणि आपण त्याच पिठाचं खात होतो."

तो हसला, आणि हसताना कंबर धरली. "मला यातलं काहीच आठवत नाही. मला वाटत होतं, शर्यतीत मी एक नंबर होतो."

"एक नंबर तुझे बाबा होते."

"मग पुढे? बोललो का मी त्यांच्याशी?"

"पान उलट."

पुढचं त्याने मनातच वाचलं. मला पाठ होतं. '२२ मे. पेंग्विन. पंचवीस मिनिटं. एकच रिमोट दोघांत. दिशा ह्यांनी धरली, उडी धाकट्याने. कोणी रडलं नाही.' त्यानंतर पूर्ण महिनाभर तीच कॅसेट, आणि रडण्याच्या रकान्यात रेघ.

तो त्या रेघांवरून बोट फिरवत राहिला. "ही कॅसेट मला कधीच आवडली नव्हती," तो म्हणाला. "बाळबोध. पेंग्विन आपला बर्फावरून घसरतोय, भगदाड आलं की उडी मारतोय."

"तुझ्या बाबांनाही नव्हती आवडली. ते दमून यायचे, निम्मा वेळ झोपेतच असायचे."

बुधवारी बोक्याने टीव्हीकडे पाठ केली. धाकट्याने काही बोलावलं नाही. नातीला घेऊन बसला, पेंग्विन लावला, रिमोटची पिन सगळ्यांना दिसेल अशी जोडली, आणि दोघांत एक रिमोट धरला. नातीने तीन उड्या मारल्या आणि कंटाळून उठली. पेंग्विन भगदाडाशी आला आणि बुडाला. परत आला, परत बुडाला.

"उडी का मारत नाही?" बोका लांबूनच.

"माझ्याकडे उडी नाहीये," धाकटा म्हणाला. "माझ्याकडे नुसतं डावं-उजवं आहे. उडी तुझ्या बाजूला."

बोका आला. आधी वायर धरून टीव्हीपर्यंत गेला. पिन हलवून बघितली. मग येऊन बसला, मधे एक उशी ठेवून. लाल बटण दाबलं. पेंग्विन उडाला. एकदा दाबून, सोडून, परत दाबून त्याने खात्री केली. पेंग्विन त्याचंच ऐकत होता.

गुरुवारी मधली उशी नव्हती. धाकट्याने त्या दिवशी दोन इमारती केल्या होत्या, एकीत माणसं अडकलेली. तिसऱ्या डावात त्याची मान पुढे पडली. पेंग्विन घसरत कडेला निघाला.

"ए!" बोका म्हणाला. काका नाही, बाबाही नाही. "ए, झोपू नको! डावीकडे!" धाकटा हलला नाही. तेव्हा बोक्याने त्याचा जाडा, ग्रीसने काळा झालेला अंगठा आपल्या दोन्ही हातांत धरला, उचलून डाव्या बाणावर ठेवला आणि दाबला.

मी चपला घातल्या. डोळ्यांत घालायचं औषध आणायचं होतं. मुद्दाम दार वाजवून उघडलं. "मी जाऊन येते," म्हणाले. कोणी वळून बघितलं नाही. कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, औषध घेतलं, तिथल्या बाकावर थोडा वेळ बसून राहिले. पाय दुखत होते आणि घाई कसलीच नव्हती. परत आले तेव्हा टीव्ही चालूच होता, पेंग्विन बुडालेला, धाकटा घोरत होता आणि बोका त्याच्या दंडाला टेकून, तो अंगठा मुठीत धरून झोपला होता. नात म्हणाली, "आजी, बोक्याने काहीतरी केलंय. मी सांगणार नाही."

तिने सांगायची गरज पडली नाही. पोळ्या करायला घेतल्या तेव्हा कळलंच.

गुरुवार, २० जून. पेंग्विन, चाळीस मिनिटं. कोणी रडलं नाही. दुसरा रिमोट पिठाच्या डब्यात सापडला. पीठ दोनदा चाळलं, डबा वरच्या फळीवर ठेवला.