तेरातलं अकरावं घर

माझ्या मोबाइलमध्ये एक असं जग आहे, जिथे साठी उलटलेली माणसं वीस मिनिटांच्या एका गाण्यावरून एकमेकांची गचांडी धरतात. प्रोग्रेसिव्ह रॉकच्या वेड्यांचा फोरम आहे तो. हे संगीत सरळ चार ठोक्यांवर चालत नाही. सातावर, अकरावर, तेरावर चालतं, मध्येच वळतं आणि ऐकणाऱ्याला फरफटत नेतं. मी सुरतेत पर्वत पाटियाच्या एका ऑफिसात साड्यांची जॅकार्ड डिझाइनं काढते आणि दिवसभर कानात हेच लावून बसते. फोरमवर सगळे मला पुरुष समजतात. मी दुरुस्त करत नाही. बाई आहे कळलं की वाद सोडून कौतुक सुरू होईल, आणि मला वाद हवा असतो.

तिथली लाडक्या अल्बमांची यादी कधी बदलत नाही. तीच दहा-बारा नावं, तीच भक्ती. खरी मजा दुर्लक्षित अल्बमांच्या चर्चेत. तिथे मी वर्षभर एकच घोडं दामटत होते: युरोपातल्या कुठल्याशा थंड गावच्या चार पोरांचा एकुलता एक अल्बम. त्यातलं एक लांबलचक गाणं तेरा ठोक्यांच्या आवर्तनात चालतं. नवव्या मिनिटाला ऑर्गन, गिटार, सगळं थांबतं, ड्रमवाला एकटा उरतो, आणि तोही एक ठोका गाळतो. फोरमने निकाल देऊन टाकला होता: ड्रमवाला चुकला, अल्बम चांगला पण कच्चा. मी भांडायचे खरी, पण मनातून मलाही ती चूकच वाटायची.

घरी भेस्तानला मी आणि वडील, दोघंच. ते तरुणपणी धुळ्याकडून आले आणि सचिन गावातल्या एका खात्यात, म्हणजे मागांच्या कारखान्यात, त्यांनी तीस वर्षं जॅकार्डचे माग चालवले. त्या खडखडाटाने त्यांचे कान नेले. समोर बसून बोललं तर ओठांवरून त्यांना सगळं कळतं, ही खात्यातल्या माणसांची विद्याच आहे. संगीत मात्र त्यांना नुसता गलका वाटतं. श्रवणयंत्र घेऊन दिलं, ते डब्यात पडून आहे. मी इअरफोन लावून बसले की ते माझ्याकडे बघत बसायचे. एकदा त्यांनी विचारलं, एवढं काय ऐकतेस. मी हसून विषय टाळला, आणि मग दोन दिवस स्वतःचाच राग येत राहिला. मला जगात सगळ्यात जास्त जे आवडतं, ते माझ्या बापाला कधीच कळणार नाही, हे मला सोसत नव्हतं.

म्हणून मी ते गाणं कागदावर उतरवायचं ठरवलं. जॅकार्डचं डिझाइन चौकटीच्या कागदावर असतं, एकेक घर म्हणजे एकेक धागा, त्यावरून भोकांची कार्डं पाडून मागावर चढवतात, आणि वडिलांना तो कागद पेपरसारखा वाचता येतो. मी एक घर म्हणजे एक ठोका धरला. तेरा घरांची एक ओळ. ड्रमची ओळ काळी, तिच्याखाली गिटारची लाल, मग ऑर्गनची हिरवी. ऐकायचं, थांबवायचं, भरायचं. तीन आठवडे गेले. हात चालत होता, डोकं त्यात नव्हतं. नवव्या मिनिटाशी आले तेव्हा ते गाळलेलं घर पांढरं दिसलं आणि मी ते काळं करून टाकलं. आमच्या धंद्यात डिझाइनमध्ये असं सुटलेलं घर दिसलं की व्यापाऱ्याने बघायच्या आत बुजवायचं असतं. जित्याची खोड, दुसरं काय.

रविवारी सकाळी कागद एकमेकांना चिकटवून मी खोलीभर पसरले. वडील चष्मा लावून जमिनीवर बसले. हे गाणं आहे, एक घर म्हणजे एक ठोका, एवढंच मी सांगितलं. बोट ठेवून ओळीमागून ओळ वाचत ते गुडघ्यांवर सरकत गेले. दुसऱ्या हाताने मांडीवर ठोके पडत होते, आणि ते ठोके बरोबर होते. तेराचे, न अडखळता. मी इतकी वर्षं ऐकून अजून मध्येच चुकते. मी भिंतीला टेकून बघत राहिले.

नवव्या मिनिटाच्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं. मागे गेलं, पुढे गेलं, परत तिथेच आलं.

“आठे तुनी चूक शे,” ते त्यांच्या अहिराणीत म्हणाले. “दर सातव्या ओळमा अकरावं घर खाली शे. आठेच का बरं भरी टाकं?”

मी वाकून पाहिलं. खरंच होतं. दर सातव्या काळ्या ओळीत अकरावं घर रिकामं. इतर ठिकाणी वरून ऑर्गन गर्जत असतो, म्हणून तो गाळलेला ठोका कोणाच्या कानाला लागत नाही. मी मात्र जे ऐकलं ते इमानाने भरत गेले होते, आणि माझं मलाच कळलं नव्हतं. अख्ख्या कागदावर एकच चूक होती, आणि ती मी दुरुस्त केलेली जागा होती.

मी त्यांना फोरमवरचा सगळा वाद सांगितला. त्यांनी मान हलवली.

“मशीननी चूक एकदाव व्हस. दरखेपे त्याच जागावर उनी, म्हणजे कार्डमा शे. मानूसनी ठेयेल शे.”

त्या घरातला काळा रंग खोडून मी कागदांचे फोटो फोरमवर टाकले आणि एवढंच लिहिलं की हा ठोका मुद्दाम गाळलाय, हे माझ्या वडिलांनी शोधलं. सगळे बहुतेक पुन्हा ऐकत असावेत. मग एकेक जण मिनिट-सेकंद लिहू लागला. सगळ्यात तावातावाने भांडणाऱ्या गृहस्थाने लिहिलं की तरुणपणापासून तो त्या ड्रमवाल्याला हसत आला, आणि आज त्याला स्वतःची लाज वाटतेय. मग त्याने विचारलं, तुमचे वडील कोणतं वाद्य वाजवतात? मी फोन खाली ठेवला.

वडील अजून कागदाशीच होते. बोट त्याच घरावर. त्यांनी मला समोर बसायची खूण केली.

“मंग आते सांग,” ते म्हणाले. “या खाली घरमा काय वाजस?”

“काहीच नाही,” मी ओठ नीट हलवत म्हटलं. “सगळे गप्प असतात. एकदम शांत.”

त्यांचा चेहरा असा खुलला की मला रडू आलं.

“मंग ते माले बी ऐकू उनं.”