ताराबाईंच्या ओट्यावरचं दुकान

ताराबाई घुडे आयुष्यात खोटं बोलल्या ते फक्त जत्रेत, आणि तेही दुसऱ्यासाठी. निदान त्यांचं म्हणणं तरी तसंच आहे.

म्हशाच्या जत्रेला जाणाऱ्या वाटेवर त्यांचं घर. पौषात जत्रा भरली की घाटावरचा भगीरथ घोंगड्यांचे गठ्ठे घेऊन यायचा आणि त्यांच्या ओट्यावर पसारा मांडायचा. वाटेवरच्या घरांची ही जुनी रीत. जत्रेत एका दुकानदाराला ओटा द्यायचा, त्याच्याकडून काही घ्यायचं नाही. घरच्या दुकानाला जत्रेचं भाडं नसतं, म्हणून जागेच्या भाड्याची पावती फाडणारे आले की घरच्या बाईने ठासून सांगायचं, "दुकान माझंच हाय." हे सगळ्या गावाला ठाऊक. पावतीवालेही हसून पुढे जायचे.

एका वर्षी ऐन जत्रेत दोन माणसं आली. हातात टेप नि कागद. त्यांनी घर मोजलं, ओटा मोजला आणि विचारलं, "हे दुकान कोणाचं?"

ताराबाई चुलीपाशी भाकऱ्या थापत होत्या. आतूनच ओरडल्या, "माझंच हाय! चला, पुढं व्हा!"

अहो, पण ती माणसं जत्रेची नव्हतीच मुळी! ती आली होती घरपट्टीची नवी आकारणी करायला. त्यांनी तरी काय करावं बिचाऱ्यांनी? बाई दुकान म्हणतेय, तर लिहिलं दुकान.

उन्हाळ्यात पंचायतीच्या भिंतीवर यादी लागली. सून मनस्वी ती वाचून आली ती तोंड पाडूनच. "आई, आपली माफी गेली. घर दुकान म्हणून लागलंय."

ताराबाईंचे यजमान हनुमान घुडे लष्करात हवालदार होते. माजी सैनिकाच्या आणि त्याच्या माघारी त्याच्या बायकोच्या एका घराला घरपट्टी माफ असते. पण ते राहतं घर हवं. दुकानाला कसली माफी? उलट दर चढा.

"जाऊ द्या आई, भरू की आपण. एवढं काय जड नाय," मनस्वी म्हणाली.

बाई भडकल्याच. "पैशाचं कोण बोलतंय गो! दरसाल माफीच्या कागदावर त्यांचं नाव लिवतात. माणूस गेला तरी सरकार त्याची आठवण ठेवतंय. आनि मी माझ्या तोंडानं ती घालवली!" आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावला.

हरकत घ्यायची सोय होती. मुदतीत अर्ज दिला की सुनावणी होते. मनस्वीने अर्ज दिलासुद्धा. पण तिथे खरं सांगायचं म्हणजे भगीरथचं नाव घ्यायचं, आणि मग इतक्या जत्रांचं भाडं त्याच्या मानगुटीवर बसायचं. "त्याच्या पोटावर पाय देऊन मला माफी नको," बाईंनी साफ सांगितलं. हट्टी बाई! पण मनस्वीही काही कमी नाही. तिने गुपचूप भगीरथला फोन लावला.

सुनावणीला बाई ग्रामसेवकासमोर उभ्या राहिल्या आणि तोंडाला कुलूप.

"मावशी, दुकान कोणाचं ते तरी सांगा. नाहीतर यादी तशीच राहील."

तेवढ्यात दारातून आवाज आला, "माझं हाय, साहेब."

माळशेजचा घाट उतरून भगीरथ आला होता. घाम पुसत म्हणाला, "जत्रेपुरता बसतो. जत्रा उठली की ओटा मोकळा. ताईनं माझ्याकडनं कधी पैसा घेतला नाही. भाड्याची पावती फाडायची तर माझ्या नावानं फाडा, मागचीबी."

"गप रे मेल्या!" बाईंचं कुलूप एकदम उघडलं. "नको तिथं शहाणपना करतो!"

ग्रामसेवकालाही हसू आवरेना. जत्रेचं भाडं हा इथला विषय नाही म्हणाला, आणि दुपारी स्वतः घर बघायला आला. ओट्यावर मिरच्या वाळत होत्या, दुसरं काही नव्हतं. शेजाऱ्यांनीही साक्ष दिली.

भगीरथला बाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. वाढता वाढता म्हणाल्या, "देवानं मला पाठचा भाऊ दिला नाय, तो घाटावरून धाडला. लई उपकार झाले रे तुझे."

"उपकार कसले, ताई? तुझ्या ओट्यावर माझी पोरं मोठी झाली. मी नाही यायचं तर कोणी यायचं?"

पुढे ग्रामसभेत दुरुस्त केलेल्या नोंदी वाचून दाखवल्या. ताराबाई बायकांमध्ये मांडी घालून बसल्या होत्या. ग्रामसेवकाने पान उलटलं. "हवालदार हनुमान घुडे. राहतं घर. माजी सैनिक, घरपट्टी माफ."

ताराबाई ताडकन उभ्या राहिल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हजर!"