अप्पाकाकांचं लोहचुंबक

अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या आमच्या अप्पाकाकांच्या खिशात फ्रिजवरचा गणपती असायचा. पाठीला लोहचुंबक असलेला. कुणी जुनी गाडी दाखवायला आणली की काका आधी तो गणपती तिच्या दारावर टेकवत. चिकटला तर खाली अस्सल पत्रा, घसरला तर पोचे बुजवायला भरलेली पुट्टी. एकदा तो घसरला, तेव्हा काकांनी विकणाऱ्याला कॉलर धरून बॉनेटवर आपटलं. त्यानेही काकांचा ओठ फोडला. "पुट्टी लपवतो मेला!" रक्त थुंकत काका मला म्हणाले. मी त्यांचा शेजारी. मला त्यांची भीती वाटायची, आणि शनिवारी त्यांच्या गॅरेजात गेल्याशिवाय करमायचंही नाही.

गॅरेजात दोन गाड्या होत्या, लाल मस्टँग आणि निळी कॅमॅरो, दोन्ही एकोणसत्तर सालच्या. "मस्टँग मिरवायला, कॅमॅरो पळवायला," काका सांगत. "पण घेताना इंजिनाचा नंबर बघ. गाडीच्या नंबराशी जुळला तर पत्रिका जुळली!" मस्टँगची जुळत होती. कॅमॅरोचं इंजिन बदललेलं, म्हणून संग्राहकांच्या लेखी ती दुय्यम. पण ती काकांनी आणि त्यांच्या मुलाने, अमेयने, मिळून उभी केली होती.

दोघींचं सोवळं एकच. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकलं की त्या बाहेर काढायच्या नाहीत, मिठाने पत्रा सडतो. दोन हजार दोनच्या जानेवारीत काका कामावर असताना काकूंचा दमा उसळला. इन्हेलर संपलेला, अमेयची गाडी सुरू होईना. तो कॅमॅरो काढून औषध घेऊन आला.

काका परतले, चाकांवरचं पांढरं मीठ पाहिलं आणि त्यांनी चाकाचा पाना उचलला. काच फुटल्याचा आवाज ऐकून मी धावलो. ते कॅमॅरोच्या दारावर घाव घालत होते.

"डॅड, स्टॉप! आईला इन्हेलर हवा होता!" अमेयने दारावर हात ठेवला. पुढचा घाव त्याच्या करंगळीवर बसला. हाड मोडल्याचं मला ऐकू आलं. मी पाना हिसकावला तेव्हा काकू घराच्या दारात इन्हेलर धरून उभ्या होत्या. अमेय त्याच दिवशी घर सोडून गेला. मला काकांची किळस आली.

पाच वर्षं काका ते दार आतून ठोकून सरळ करत होते.

"काका, पुट्टी भरा, तासाभराचं काम," मी म्हणालो.

"आणि पोरगा आला की काय दाखवू? घसरलेला गणपती?" ते खेकसले. एकदा त्यांनी हातोडी स्वतःच्याच करंगळीवर मारून घेतली. चुकून की मुद्दाम, हे विचारायची माझी छाती झाली नाही. अमेयला फोन करा म्हटलं की मात्र हातातलं असेल ते भिंतीवर फेकत.

पुढे एका जानेवारीत काका गॅरेजातच कोसळले आणि गेले. अमेय आला. दहन झाल्यावर, अस्थी आणायला निघताना त्याने गॅरेजात टांगलेल्या काकांच्या शर्टाच्या खिशातून तो गणपती काढला आणि वाकड्या करंगळीच्या हाताने कॅमॅरोच्या दारावर ठेवला. चिकटला. एक वीत खाली ठेवला. तिथेही चिकटला. मग तो दाराला कपाळ टेकून रडला.

"ही नेव्हर सेड सॉरी, दादा," तो म्हणाला, आणि त्याने गॅरेजचं दार उघडलं. रस्ता पांढराफेक होता.

"अमेय, मीठ आहे रे," मी सवयीने म्हणालो.

"आय नो," तो म्हणाला. काकूंना शेजारी बसवून त्याने कॅमॅरो बाहेर काढली आणि वडिलांना आणायला गेला.